माईकवाल्याची बाजू

फ्लेक्सला घडी पडली होती नेमकी 'धो'वर,
त्यामुळे पडद्यावर आलं
'निवडणूक आणि सांस्कृतिक रण'.
कुणी दुरुस्त केलं नाही.
मिरजेच्या नाट्यगृहात छप्पन्न माणसं मोजली मी,
त्यात अकरा ड्रायव्हर.

मी विंगेत, मिक्सरपाशी.
पायाशी केबलचं वेटोळं, थर्मासात अर्धा चहा.
हॅलो, चेक, एक दोन,
एवढंच माझं भाषण, ते मी साडेपाचलाच उरकलेलं.

पहिल्या पक्षाचे म्हणाले, कलेला उद्योगाचा दर्जा देऊ.
'प' आला की त्यांच्या तोंडची हवा माईकवर आदळायची:
परंपरा, पायाभूत, पारितोषिक...
स्पीकर प्रत्येक शब्दाला दचकत होता.

दुसऱ्या पक्षाच्या बाईंनी सतार आणली मध्ये.
मिरजेची सतार सातासमुद्रापार गेली, म्हणाल्या.
तिसऱ्या रांगेत इलाहीचाचा बसलेले,
बोटांना चंद्रसचा वास, खिशात विजेचं बिल.
त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, गेली म्हणजे परत येणार न्हाई का?

तिसऱ्याचा मुद्दा संस्कृती कुणाची.
चौथ्याचा मुद्दा, तिसऱ्याला हा मुद्दा काढायचा अधिकार काय.
इथं आवाज फाटायला लागला.
मी चौघांनाही थोडं थोडं खाली घेतलं.
प्राध्यापक घड्याळाकडे बघत म्हणाले,
आता प्रेक्षकांतून एकच प्रश्न.

उठली रत्नप्रभा वायदंडे.
जत्रेत गावोगावची पोरं नाटक बसवतात,
नायिका मिरजेतून नेतात, रात्रीच्या बोलीवर.
एकोणीस वर्षं ती त्याच पाटलाची तीच सून,
नवरा मात्र दर गावाला वेगळा,
आणि बहुतेकांना संवाद पाठ नसतात, तेही हीच सांगते, पदराआडून.

म्हणाली,
मागं बायकांच्या मेकअप खोलीला आतून कडी न्हाई.
चारी जाहीरनामे वाचले मी.
कडी कितव्या पानावर आहे?

हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, कढी का कडी?
माझा हात फिरत्या माईकच्या खटक्यावर होता.
मी तिला वर घेतलं. दोन रेघा. मग आणखी एक.
"आतून," ती पुन्हा म्हणाली,
आणि तो शब्द बाल्कनीतल्या रिकाम्या खुर्च्यांपर्यंत जाऊन
सावकाश माघारी आला.

मग पहिले म्हणाले, हा महापालिकेचा विषय.
बाई म्हणाल्या, आमच्या काळात टेंडर निघालं होतं.
तिसरे म्हणाले, इतकी वर्षं कडी का नव्हती, ते यांना विचारा.
चौथ्यांनी समिती नेमली, जागच्या जागी,
तिच्यात एक जागा रत्नप्रभाताईंसाठी राखीव.
टाळ्या. आभार. भडंग.

वायरी गुंडाळत होतो तर दोन पोरं आली,
एकामागून एक, वेगवेगळ्या पक्षांची, सारखीच पँट घातलेली.
निकाल तेवीसला. मिरवणुकीला बेस पायजे, छाती हलली पायजे.
दोघांनीही आगाऊ रक्कम दिली.
दोघांनाही मी शुभेच्छा दिल्या.

मागं गेलो माईकचा स्टँड आणायला.
मेकअप खोलीचं दार किलकिलं,
आत रत्नप्रभा पाटावर चढून
चौकटीच्या खिळ्याची तार सोडवत होती.
जाड तार, खर्जाची. इलाहीचाचांनी दिलेली, कधीची.
साडी बदलायची तर ती खिळ्याला गुंडाळायची,
निघताना सोडून घ्यायची.
राहू दे की इथंच, मी म्हटलं.
म्हणाली, न्हाई लगा, दुसऱ्या गावांना तरी कुठं कडी असती.

तिनं तारेचं वेटोळं केलं,
पावडरच्या डब्यात, टिकल्यांच्या पाकिटाखाली ठेवलं.
"ढालगावची जत्रा तेवीसला हाय. साउंड तुझाच ना?"

मी स्टँडचे पाय मिटत राहिलो.
तीन पाय असतात त्याला.
एक नेहमी अडकतो.